कुंदाताईंचं बघणं

कुंदाताई ढगे कुणाच्याही घरी आल्या की आधी भिंती बघायच्या, माणसं नंतर. आपण दार उघडून "या, या" करत उभं राहावं आणि त्यांची नजर आपल्या खांद्यावरून मागे जाऊन खिडकीची जाळी, पंख्याचा हुक, बटणांचा बोर्ड, चौकटीचा रंग असं सगळं फिरून यावी. मग त्या चपला काढणार आणि म्हणणार, "काय जी वहिनी, बऱ्या आहा न?" माझ्या सासूबाईंचा पक्का समज होता की या बाईला आमच्या रंगकामात खोट काढायची असते. त्या आल्या की सासूबाई मुद्दाम उखडलेल्या पोपड्यांसमोर खुर्ची टाकून बसायच्या.

भिलाईच्या नेहरू नगरात आमची घरं एका भिंतीला लागून. ढगे भाऊजी, म्हणजे कुंदाताईंचे यजमान, पोलादाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये, माझे यजमान तिथेच हिशेब खात्यात. दोन्ही कुटुंबांनी उमेदीची वर्षं प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये काढली आणि मग इकडे आली. कुंदाताई माहेरच्या रेल्वेवाल्या. वडील नागपूरकडचे, दुर्ग लाइनवर गार्ड होते. स्वतः त्या पोलिसात सब-इन्स्पेक्टर होत्या, पण खाकीत मी त्यांना क्वचितच पाहिलं. त्यांना सायबर शाखेत टाकलेलं होतं आणि तिथे त्यांच्या वाट्याला जे काम आलं, ते दुसऱ्या कुणालाच नको होतं.

ते काम म्हणजे लहान मुलांचे फोटो. ज्या फोटोंबद्दल चारचौघांत बोलतही नाहीत, असे. ते कुठेतरी इंटरनेटवर सापडायचे, परदेशातून दिल्लीला पोचायचे, दिल्लीहून रायपूरला, आणि आपल्या भागातला धागा निघाला तर फिरत फिरत कुंदाताईंच्या टेबलावर यायचे. फोटो बघून मूल कुठलं आणि खोली कुठली हे हुडकायचं. गुन्हेगार अशा फोटोत स्वतःचं तोंड येऊ देत नाही. भिंत मात्र येते. म्हणून त्या भिंती बघायच्या.

हे मला कळायला फार उशीर लागला, कारण त्या बोलायच्याच नाहीत. संध्याकाळी स्कूटी लावली की घरात न शिरता आधी अंगणातल्या नळाशी जायच्या आणि डोळ्यांवर पाणी मारत राहायच्या. मला वाटायचं, धूळ गेली असेल. भिलाईत धुळीला काय तोटा! पर्समध्ये फुटाण्यांची पुडी कायम. ज्या दिवशी बघायचं काम जास्त असेल त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी यायचा आणि फुटाणे संपलेले असायचे. भाऊजी डबा उचलून बघायचे, जड लागला की काही न विचारता कुकर लावायचे. त्या घरात खिचडी कधी व्हायची हे कुंदाताईंच्या डब्यावर ठरायचं.

एकदा मी जरा खोचकच बोलले. म्हटलं, "ताई, सुट्टीच्या दिवशी तरी आमच्या भिंतींना सोडा." त्या हसतील असं वाटलं होतं.

"मी पाहते म्हणून तुमाले पाहा लागत नाही वहिनी," त्या म्हणाल्या आणि चहाचा कप धुवायला आत गेल्या.

आमच्या मराठी मंडळात त्या कुणाला फारशा आवडायच्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही कधीकधी नकोशा व्हायच्या. एका गणपतीत लहान मुलींचा नाच बसवला होता. माझी रेवाही त्यात होती. नऊवारी, नथ, गजरे, सगळा थाट. मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे वैद्यकाकांनी, खास फोटोग्राफर बोलावलेला. नाचाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा, म्हणजे नागपूर-अमरावतीच्या नातेवाइकांना बघता येईल, असा बेत. नाच संपला आणि कुंदाताई सरळ फोटोग्राफरपाशी जाऊन म्हणाल्या, "डिलीट करा."

वैद्यकाका धावत आले. "ढगेबाई, पोरी आपल्या, कार्यक्रम आपला. बिघडून काय राहिलं?"

"पोरी आपल्या आहेत काका. पाहणारे आपले नाहीत."

"तुमाले त सगळीकडे चोरच दिसतात!"

"हो," त्या म्हणाल्या. "दिसतात."

आणि डिलीट होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. रेवा रडली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मंडळात बाया एकमेकींना म्हणायच्या, हिला मूलबाळ नाही ना, म्हणून. बायकांच्या जिभेला हाड नसतं. माझ्या कानावर ते आलं आणि दुसऱ्या दिवशी मी आपणहून त्यांच्याकडे चहाला गेले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, एका हिवाळ्यात, ती पोरगी आली. आली म्हणजे तिचा फोटो आला. त्या फोटोबद्दल कुंदाताईंनी मला जेवढं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे, आणि त्याहून जास्त मला नकोच होतं. सात-आठ वर्षांची. समोरचे दोन दात पडलेले. मागे एक खिडकी. चेहरा अगदी स्वच्छ.

"एवढं सरळ पाहून राहिली न ती," कुंदाताई म्हणाल्या, "का मलेच पाहून राहिली."

इतकी वर्षं त्यांच्या टेबलावर जे यायचं ते राज्यातल्या दूरदूरच्या गावांचं असायचं. ही खिडकी मात्र त्यांनी पाहताक्षणी ओळखली. सेक्टरमधल्या क्वार्टरची खिडकी होती ती. भिलाईत ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका प्रकारची सगळी क्वार्टर सारखी. परक्याच्या घरातही अंधारात हात घातला तर बटण सापडतं. जोडीजोडीनं बांधलेली, मधली भिंत एक. एका घराची मोरी डावीकडे तर शेजारच्या घराची उजवीकडे, असं सगळं उलटसुलट. आम्ही बोलायचोही तसंच, "आमचं डाव्या हाताचं, त्यांचं उजव्या हाताचं." पुढे लोकांनी मागच्या अंगणात पत्रे टाकून खोल्या काढल्या आणि जुन्या खिडक्या त्या खोल्यांच्या आत आल्या. फोटोत अशीच एक खोली होती. खिडकीला पोपटी रंग, तिच्या शेजारी भिंतीत गोल कमानीचा कोनाडा. खिडकीच्या कोणत्या बाजूला कोनाडा आहे त्यावरून कुंदाताईंनी सांगितलं, घर डाव्या हाताचं.

पण कोणतं? तक्रार त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत कित्येक महिने गेले होते. मोबाइलचं सिमकार्ड एका मेलेल्या माणसाच्या नावावर निघालं. इंटरनेटच्या कंपनीनं कळवलं की इतक्या जुन्या नोंदी आम्ही ठेवत नाही. ठेवायची सक्ती नव्हती. फोटो तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे एवढी कामं साठलेली की उत्तर कधी येईल ते कुणी सांगेना. साहेब म्हणाले, एका घराची झडती घेता येते, सबंध सेक्टरची नाही. घर सांगा, मी गाडी देतो.

कुंदाताईंना फक्त एकच दिसत होतं, की ती पोरगी अजून त्याच खोलीत असेल. वाया जाणारा प्रत्येक दिवस तिच्यावर बेतत होता. त्या मला एकदाच म्हणाल्या, "वहिनी, मले खोली माहीत आहे आन् दार माहीत नाही," आणि मग पुन्हा तो विषय काढला नाही.

मग संक्रांत आली, आणि ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाचं हळदीकुंकू गाठलं नव्हतं, तिनं मला विचारलं, "वहिनी, तुमाले कोणाकोणाचं बोलावणं आहे? मीही येते म्हणते."

मी थक्क झाले. सेक्टरमधल्या मराठी बायांचं हळदीकुंकू म्हणजे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोजची फेरी. कुंदाताई हिरवी साडी नेसून, गजरा माळून माझ्याबरोबर घरोघर हिंडल्या. तिळगूळ घेतला, वाण घेतलं, उखाणा घेतला. बाया खूश. "ढगेबाई सुधरल्या हो," असं माझ्या कानात कितीजणी बोलल्या. आणि प्रत्येक घरी कुंदाताई म्हणायच्या, "तुळस मागं आहे का जी? पाहू बरं," आणि मागच्या अंगणात जायच्या. त्या का हिंडत होत्या हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण मी बरोबर जात राहिले, आणि माझ्याही नकळत भिंती बघायला लागले.

राऊतकाकूंकडे गेलो त्या दिवशी तिळाच्या वड्या फार छान झालेल्या. काकू आमच्या सगळ्यांच्या जुन्या ओळखीच्या. राऊतकाका प्लांटमधून निवृत्त, मुलगा प्रशांत गणिताच्या ट्यूशन घ्यायचा, मागच्या पत्र्याच्या खोलीत. सून, दोन लहान नाती. कुंदाताई तुळस बघायला गेल्या. मी मागून गेले तर त्या ट्यूशनच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. आत पोपटी खिडकी. शेजारी कोनाडा. बाकड्यावर पोरापोरींची दप्तरं.

त्यांनी काकूंकडे पाणी मागितलं आणि उभ्याउभ्या प्यायलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "घर भेटलं."

"ताई, राऊतांचं?" मी म्हटलं. "अहो, प्रशांत आपल्या डोळ्यांसमोर वाढलाय."

"डोळ्यासमोर वाढलेलेच असतात वहिनी."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोन गाड्या राऊतांच्या दारात लागल्या. खोली तीच होती, खिडकी तीच, कोनाडा त्याच बाजूला. कॉम्प्युटर, फोन सगळं नेलं. प्रशांतला बसवून ठेवलं. ट्यूशनच्या एकेका मुलीचा चेहरा पाहिला. सगळी लाइन कुंपणाशी उभी राहून बघत होती. शेजारच्या क्वार्टरमधला भाडेकरू मोठा सज्जन. त्यानं उन्हात उभ्या शिपायांना गार पाणी आणून दिलं. कुंदाताईंनाही दिलं. त्या प्यायल्या.

प्रशांतकडे काहीच सापडलं नाही. त्याला सोडून दिलं, पण सेक्टरनं सोडलं नाही. एकही पोर ट्यूशनला परत आलं नाही.

रथसप्तमीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. कुंदाताईंना बोलावू नका असं दोघीतिघींनी सुचवलं होतं, मी बोलावलं. त्या आल्या आणि बाया पाच-पाच मिनिटांत वाण उचलून निघाल्या. शेवटी आम्ही घरच्याच उरलो. रेवाला नवा फोन मिळालेला. वातावरण जरा सैल व्हावं म्हणून असेल, ती आमच्या दोघींच्या मध्ये घुसली आणि फोन हात लांब करून धरला. "काकी, स्माइल! आई, रुक ना, एक और लेते हैं." फोटो काढून तिनं आम्हाला दाखवला.

कुंदाताईंनी फोन हातात घेतला. बघत राहिल्या. "वहिनी, तुमचा पदर उजव्या खांद्यावर कसा?"

मी माझ्या खांद्याकडे पाहिलं. पदर डाव्याच खांद्यावर होता, रोज असतो तसा.

"काकी, फ्रंट कॅमेरा है ना," रेवा म्हणाली. "त्यात उल्टा येतो. सेटिंग बदलायची असते."

कुंदाताईंनी माझा पदर पाहिला, मग पुन्हा फोनमधला फोटो. टेबलावर आलेल्या त्या फोटोतली पोरगी सरळ बघत होती, कारण ती फोनच्या पडद्यात स्वतःलाच बघत होती. तो फोटोही असाच उलटा होता. खोली राऊतांची नव्हती. शेजारची होती. दोन्ही घरांनी मागच्या खोल्या एकाच मिस्त्रीकडून, एकाच वेळी काढून घेतल्या होत्या, तोच रंग, तोच कोनाडा, फक्त दुसऱ्या बाजूला. ज्या बाईनं आयुष्यभर भिंती वाचल्या, तिनं ही भिंत उलटी वाचली होती. आणि क्वार्टरमध्ये न राहिलेला कुणी परका अधिकारी असता तर त्याला डावं-उजवं सुचलंच नसतं. त्यानं दोन्ही घरं तपासली असती.

त्या तशाच, गजरा माळलेल्या, गेल्या. त्या घराला कुलूप होतं. झडतीच्या दुसऱ्याच दिवशी ते भाडेकरू जोडपं मुलीला घेऊन गावाला गेलं, असं शेजारी म्हणाले. कोणत्या गावाला, कुणालाच ठाऊक नाही. क्वार्टर ज्याच्या नावावर होतं त्यानं ते गुपचूप भाड्यानं दिलेलं. त्याला सांगितलेलं नाव खोटं निघालं. मागच्या खोलीत पोपटी खिडकी होती आणि खिडकीत केसांचा एक छोटा कंगवा.

कुंदाताई राऊतकाकूंकडे माफी मागायला गेल्या तेव्हा मला बरोबर घेऊन गेल्या. काकूंनी आत या म्हटलं नाही. दारातच बोलल्या.

"माह्या हातचा तिळगूळ खाऊन गेली न तू? मंग पोलीस घेऊन आली?"

"हो काकू."

"विचारलं असतं मले, त मीच दाखवलं असतं घर. कावून नाही विचारलं?"

काकूंनी दार लावलं. ज्यांच्याकडे त्या वर्षी आम्ही तिळगूळ खाल्ला, त्यांतल्या कुणीच त्यांना पुन्हा बोलावलं नाही. खात्यानंही जाब विचारला, साध्या वेशात, कुणाच्या परवानगीनं घरोघर गेलात? तो प्रश्न योग्यच होता. मला मात्र आजही राग येतो तो याचा की हेच खातं त्यांना दार उघडायची दुसरी वाट देत नव्हतं.

मग त्यांचा एकच उद्योग सुरू झाला. कुणी म्हणालं, ते जोडपं जवळच्या कुरुद गावात दिसलं. सुट्टीच्या दिवशी कुंदाताई कुरुदच्या गल्ल्यांतून स्कूटी घेऊन फिरायच्या. कुणी म्हणालं, उतईच्या बाजारात. मग उतई. शाळांच्या फाटकांपाशी, अंगणवाड्यांत, जत्रेत. भाऊजी एकदा मला हळूच म्हणाले, "वहिनी, तुमी सांगून पाहा. माह्यं ऐकून नाही राहिली." मी सांगितलं. म्हटलं, ताई, तुमच्या हातात होतं ते तुम्ही केलं.

"तो हातच चुकला न वहिनी," त्या म्हणाल्या.

काही वर्षांनी बातमी आली की मुलांच्या शोषणाच्या तपासासाठी नव्या कायद्याचा मसुदा झालाय आणि लोकांचं म्हणणं ऐकायला रायपूरला समिती येतेय. कुंदाताईंनी नाव दिलं. साहेबांना ते आवडलं नाही. मी सोबत गेले. मोठं सभागृह, गार हवा, प्रत्येक टेबलावर काजूची बशी. सकाळभर वकील आणि संस्थांचे लोक बोलले, चांगलं बोलले. कुंदाताईंची पाळी जेवणानंतर आली, निम्मे लोक पेंगत होते.

त्या उभ्या राहिल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "सर, मुझसे एक गलती हुई थी। वही बताने आई हूँ।"

पेंगणारे जागे झाले. कुंदाताईंनी सगळं सांगितलं. खिडकी, कोनाडा, तिळगूळ, शेजाऱ्यानं दिलेलं पाणी. कुणावरही दोष ढकलला नाही. भर सभेत कुणी स्वतःची अशी चामडी सोलून दाखवतं का? मग त्या म्हणाल्या की कंपन्यांनी नोंदी किती काळ ठेवायच्या आणि किती दिवसांत द्यायच्या ते कायद्यात घाला, नाहीतर फोटो माझ्यापर्यंत येईस्तोवर पोरगी मोठी होते. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानं चार घरं गुपचूप तपासता येतील अशी सोय करा, म्हणजे एका घराची अब्रू जाणार नाही. आणि शेवटी, हात जोडून, "सर, जो देखता है उसको देखना सिखाइए। मुझे किसी ने नहीं सिखाया था। और जिसको नहीं सिखाया, उसको देखने मत दीजिए।"

समितीचे अध्यक्ष त्यांना मॅडम म्हणाले, धन्यवाद म्हणाले. परतीच्या वाटेवर कुंदाताई गाडीत झोपी गेल्या. त्यांना गाढ झोपलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पुढे सगळं नाही, पण काही झालं. वेगळं पथक झालं, शिकलेली तरुण पोरं-पोरी आली, नवी यंत्रं आली. असे फोटो आता त्या पथकातल्या नेमलेल्या माणसांशिवाय कुणाला उघडता येत नाहीत. जुनी प्रकरणं त्यांच्याकडे गेली, त्या पोरीचंही गेलं. त्याच सुमारास कुंदाताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन घरी आल्या. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या.

त्यानंतर त्यांचं आमच्याकडे येणं कमी झालं. आल्या की भिंती बघायच्या नाहीत. सरळ खुर्चीत बसायच्या, चहा घ्यायच्या, रेवाची चौकशी करायच्या. सासूबाई असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. मला ते काही केल्या बरं वाटेना.

मागच्या महिन्यात संध्याकाळी मी भाजी घ्यायला हायवेच्या बाजूला गेले होते. तिकडे कोचिंग क्लासची रांगच आहे. एका क्लासच्या फाटकासमोर कुंदाताई स्कूटीला टेकून उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेत आता. मी जवळ गेले.

"ताई, इथे काय करताय?"

"थांबा वहिनी, क्लास सुटून राहिला."

तेव्हा मला समजलं. ती पोरगी असेल तिथे आता पंधरा-सोळाची असेल, कोचिंगला जायच्या वयाची. मी त्यांचा दंड धरला.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "चेहरा जाऊन राहिला माह्या डोळ्यासमोरून. मागं गेली होती मी रायपूरले, त्या पथकाकडे. म्हटलं, एक डाव दाखवा, फक्त तोंड दाखवा. तो पोरगा चांगला होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणे, मॅडम, रूल नहीं है।"

"मग?"

"मंग काय? बरोबर आहे त्याचं. मीच मागितलं होतं न तसं."

फाटक उघडलं आणि पोरी बाहेर पडल्या. पाठीवर पिशव्या, हातात बाटल्या, हसणं-खिदळणं. कुंदाताई एकेका तोंडाकडे बघू लागल्या. डोळे बारीक करून, मान जरा पुढे काढून. एका पोरीनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं. "ये आंटी फिर से घूर रही है यार." दोघी वळसा घालून गेल्या. क्लासचा वॉचमन जवळ आला. भला माणूस असावा, आवाज चढवला नाही त्यानं.

"माताजी, यहाँ मत खड़े रहिए। पेरेंट्स शिकायत करते हैं। ज़माना खराब है, लड़कियों का मामला है।"

"अहो, या पोलिसात होत्या," मी सांगायला गेले. कुंदाताईंनी माझा हात दाबला.

"ठीक बोल रहे हो भैया," त्या म्हणाल्या. "ऐसे ही ध्यान रखना."

त्यांनी स्कूटी ढकलत रस्ता ओलांडला आणि पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीशी लावली. तिथून फाटक दिसत होतं, चेहरे काही दिसत नव्हते. मधून गाड्या जात होत्या. पोरी सुटतच होत्या, आणि कुंदाताई तिथूनच मान उंच करकरून बघत राहिल्या.